कोपऱ्यातली वायर

रॉड्रीने कोपऱ्यात भिंतीवर पेन्सिलीने चार खुणा केल्या तशी ब्लॉडवेन खुर्चीतून उठली. जावयाने हौसेने सासूसाठी नवा टीव्ही आणला होता. अख्खं घर मोकळं पडलंय आणि याला मेला तोच कोपरा दिसावा!

त्या कोपऱ्यात वायर होती. खाणकामगारांच्या संपाच्या वर्षी तिच्या नवऱ्याने, आयव्हरने, मीटरच्या अलीकडून चोरून ओढलेली. तोडायची तोडायची म्हणत राहून गेली आणि आयव्हरही गेला. घराचा मेन बंद केला तरी त्या वायरीत वीज असायचीच. हे आता एकट्या ब्लॉडवेनला ठाऊक होतं.

"मेन बंद केलाय, आई. घाबरताय कशाला?" रॉड्री बॅटरीवरचं ड्रिल घेऊन स्टुलावर चढला.

"खिडकीपाशी लाव ना रे."

"तिथे उजेडात काय दिसणार, कपाळ?"

"बाबांनी स्वतः ओढल्यात इथल्या वायरी," लेक एलेरी हसून म्हणाली. "खाणीतला इलेक्ट्रिशियन होता माझा बाप! दुसऱ्याच्या काडीलाही हात लावला नाही कधी."

आयव्हरच्या अंत्यविधीला एलेरी हेच बोलली होती, आणि सगळं चॅपेल रडलं होतं.

ड्रिल घरघरलं. प्लास्टरचा भुगा रॉड्रीच्या मनगटावर सांडायला लागला. सांगावं तर मेलेल्या नवऱ्याची अब्रू जाणार, तीही लेकीदेखत. न सांगावं तर जावई जिवानिशी जाणार.

"थांब! हात काढ तिथून, मेल्या!" ती एवढ्या मोठ्यांदा ओरडली की रॉड्री स्टुलावरून पडता पडता वाचला. "आत वीज आहे. ती मेनने बंद होत नाही. चोरीची आहे. आयव्हरने चोरली."

रॉड्रीने खिशातून टेस्टर काढला. मेन बंद म्हणून मघाशी त्याने तो बाहेरही काढला नव्हता. भोकाशी धरताच लाल दिवा लागला. तो पांढराफटक पडून खाली उतरला.

एलेरी मात्र आईकडेच बघत होती. "काहीतरीच काय! बाबा कशाला चोरी करतील?"

"घरची वीज तोडली होती गं. कोळशाच्या गावात शेगडीत टाकायला कोळसा नव्हता. तू पंधरा दिवसांची, थंडीने निळी पडत चाललेली."

"मग मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"त्याने शपथ घातली होती," ब्लॉडवेन म्हणाली. "पोरीला कळू देऊ नकोस म्हणाला. तिला वाटेल, आपल्यापायी बाप चोर झाला."