कोण कोण होतं

आभाळात एक केस अडकला होता. ब्रशचाच… बारीक, काळसर, तलावामागच्या डावीकडच्या डोंगराच्या जरा वर, रंग ओला असताना पडलेला आणि रंगाबरोबरच वाळून गेलेला. सव्वीस वर्षं तो तिथे होता आणि तिला दिसला नव्हता. नखाने काढावा तर कागदाचं साल निघेल, म्हणून तिने नुसतंच त्याच्यावरून बोट फिरवलं आणि चित्र टेबलावर पालथं घातलं, कारण आजचं काम चित्राच्या पुढच्या बाजूला नव्हतंच, मागच्या बाजूला होतं.

"मागे लिहून ठेव, मावशी," सकाळी ताईला सोडायला आलेली भाची चप्पलही न काढता दारातूनच म्हणाली होती. "गाव, साल आणि कोण कोण होतं. एवढंच. मी संध्याकाळी घेऊन जाते. आईच्या खोलीत ओळीने लावायची आहेत. डॉक्टर म्हणतात, रोज दाखवायचं आणि वाचून दाखवायचं."

"फोटो का नाही लावत?"

"फोटोतले चेहरे बघून ती बिथरते गं. चित्रं बघून शांत होते. आणि फोटोत तरी बाबा कुठे आहेत? कॅमेरा कायम त्यांच्याच हातात." मग जरा थांबून, ऑफिसला उशीर होत असूनही थांबून, "एक होता बाबांचा, तो परवा दाखवला. तर म्हणाली, हे गृहस्थ कोण? मी हसले तिच्यासमोर. मग नळ सोडून बाथरूममध्ये रडून घेतलं."

एवढंच! एकवीस चित्रं. गाव आणि साल तिने तासाभरात हातावेगळं केलं. मोजणीच्या खात्यात एकतीस वर्षं ट्रेसर म्हणून नकाशे गिरवलेला हात, अक्षर कसं खड्यासारखं. पण तिसरी ओळ एकवीसही कागदांवर कोरी. पेन टेकवायचं, उचलायचं. कोण कोण होतं… ताई होती, ती स्वतः होती, आणि तिसरं माणूस होतं भावोजी, ताईचे यजमान, जे जाऊन आता सहा वर्षं झाली. लिहायला किती वेळ लागतो? ताई, भावोजी, मी. पण ताई काही नुसती पाठ ऐकणार नव्हती, ती चित्र उलटून बघणार, आणि चित्रात भावोजी नव्हते. एकाही चित्रात नव्हते.

माणसं अवघड असतात, असं ती सगळ्यांना सांगायची. डोंगर हलत नाही, माणूस हलतो, म्हणून मी माणसं काढत नाही. पण हे साफ खोटं, कारण ताई होती की. प्रत्येक चित्रात होती. घाटाच्या पायरीवर, दीपस्तंभाच्या कठड्याशी, गलबतांच्या धक्क्यावर, पिवळा स्कार्फ बांधलेली करंगळीएवढी ताई. पिवळ्याचा एक थेंब आणि खाली निळ्याची एक ओढ, की झाली ताई. मग भावोजींना काय झालं होतं? उंच, ठसठशीत माणूस, प्रवासात मळखाऊ कपडे घालावेत हे शंभरदा सांगूनही पांढराशुभ्र बुशशर्ट घालणारा. मैलावरून दिसायचा. तो दिसला नाही असं म्हणायला मी काही आंधळी नव्हते.

ताई खिडकीशी वाटाणे सोलत बसली होती. सोलत कसली, दाणे टरफलांच्या टोपलीत आणि टरफलं भांड्यात, पण हात मात्र पूर्वीचेच, चपळ. मध्येच एखादा दाणा तोंडात टाकत होती. दहा वर्षांनी मोठी ताई. धाकटीच्या वेण्या तिने घातल्या… शाळेच्या दप्तरात डबा तिने ठेवला, पहिल्यांदा रंगांची पेटी तिने आणून दिली, पहिल्या पगारातून, लपवून. आणि मग एक दिवस हा लांब पायांचा गृहस्थ आला आणि ताईला घेऊन गेला. बारा वर्षांच्या मुलीला कोण विचारतं? सगळे म्हणाले, अगं, आता तुला लाड करायला भावोजी मिळाले. तिला भावोजी नको होते, ताई हवी होती. आणि ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती. बाराव्या वर्षी नव्हती, आणि बासष्टाव्या वर्षी तर हसंच झालं असतं. म्हणून ती मूग गिळून राहिली, पुढे मोठेपणी दरवर्षी सुट्टीत त्या दोघांबरोबर प्रवासाला गेली आणि चित्रं काढली.

महिन्यापूर्वी ताईने हेच तलावाचं चित्र मांडीवर घेऊन विचारलं होतं, "आपण दोघीच फिरायचो ना गं?" आणि ती म्हणाली होती, "हो."

डॉक्टरांनीच सांगितलं होतं, वाद घालू नका. म्हणून म्हटलं. असं तिने त्याच वेळी स्वतःला समजावलं होतं, पण 'हो' म्हणताना आतून जे उमटलं ते ताईची समजूत काढण्याचं सुख नव्हतं. ते वेगळंच होतं. जिंकल्यासारखं. पन्नास वर्षं चाललेला खेळ समोरचा खेळाडू मरून गेल्यावर आणि पंचाला विसर पडल्यावर आपण जिंकलो, असलं काहीतरी. शी. आणि नंतर रोज ताई तेच विचारायची, रोज ती हो म्हणायची, आणि एकेक 'हो'बरोबर तो माणूस ताईच्या डोक्यातून पुसला जात होता. खात्यातले साहेब थट्टेने म्हणायचे, बाई, नकाशात जे नाही ते जमिनीवर असलं तरी नसतं. तेव्हा सगळे हसायचे. ती सगळ्यात जास्त.

तिने तलावाचं चित्र सुलटं केलं. पहिलं चित्र हे, पहिल्या सहलीतलं. हिरवा उतार, खाली पाणी, काठावर पिवळा थेंब – ताई. तिच्या उजव्या हाताला, बोटभर अंतरावर, भावोजी उभे होते. ती जागा तिला नेमकी ठाऊक होती, कारण तिथे तिने हिरवा दोनदा फिरवला होता. कागद ओला करून बसली होती, वरून आभाळ उतरवत आणलं होतं, उन्हात कागद भराभर वाळत होता, आणि तो पांढरा शर्ट काही हलेना. तेव्हा ती ओरडली होती, "भावोजी, तुम्ही मध्ये येताय!"

चित्राच्या मध्ये, असं म्हणायचं होतं. की नव्हतं? भावोजी जागच्या जागी थबकले. मग हसून म्हणाले, "बरं बाई, नाही येत मध्ये," आणि उतार चढून निघून गेले, कुठेतरी तिच्या मागे. आणि त्यानंतर वीस वर्षांत ते कधी मध्ये आले नाहीत. कुठल्याही गावात तिने चित्राचा पाट मांडीवर घेतला, की ते उठायचे आणि तिच्या नजरेच्या बाहेर जायचे. अधूनमधून मागून आवाज यायचा, "झालं का?" तासातून तीनदा. त्या 'झालं का'चा तिला इतका राग यायचा की मुद्दाम एक हात जास्त फिरवायची.

मग आता काढू. अजूनही काय बिघडलंय? तिने कपाटातून पांढऱ्या रंगाची ट्यूब काढली, जी तिच्या पेटीत कधीच नव्हती, भाचीच्या शाळेतली उरलेली, टोपण पकडीने फिरवावं लागलं. ताईच्या शेजारी, हिरव्यावर, शर्टाएवढा एक फटकारा दिला. दिला मात्र… तो चुन्याचा डाग झाला. भिंतीवरचा पोपडा निघालेला असतो तसा. सगळं चित्र कागदाच्या आतून उजळत होतं आणि हा एकटा वरून चिकटवल्यासारखा. तिला ठाऊक होतं हे, रविवारच्या चित्रकलेच्या वर्गातले मास्तर पहिल्याच दिवशी सांगायचे, बाई, जलरंगात पांढरा लावायचा नसतो, सोडायचा असतो, आणि कुठे सोडायचा ते सगळ्यात आधी ठरवावं लागतं. तिने घाईघाईने ओल्या फडक्याने पुसलं. पांढरा गेला, बरोबर हिरवाही गेला, कागदाची लव उठली. ताईचा पिवळा स्कार्फ पसरून अर्धा उतार पिवळट झाला. झालं! करायला गेले एक नि झालं भलतंच.

"काय गं, सांडलंस का?" ताईने खिडकीशी बसल्या बसल्या विचारलं. "सांडकी आहेस अगदी लहानपणापासून."

"हो," ती म्हणाली. हा 'हो' तरी खरा होता.

भाची यायला अजून पुष्कळ अवकाश होता. तिने नवा कागद पाटावर चिकटवला. तलाव पाठ होता, डोळे मिटूनही काढला असता. आधी पेन्सिलीने भावोजींची आकृती आखायची, ती सोडायची, आणि मग आभाळ, डोंगर, उतार, सगळं तिच्या कडेकडेने न्यायचं. सोपं. तिने पेन्सिल टेकवली… आणि पुढे रेषच येईना. ते उभे कसे राहायचे? एका पायावर भार देऊन? हात खिशात? पाठीमागे? जेवायला बसलेले भावोजी तिला आठवत होते, वर्तमानपत्राच्या आडचे आठवत होते, आजारपणात भिंतीकडे तोंड करून झोपलेले तर फारच आठवत होते, पण प्रवासातले, मोकळ्या हवेत उभे असलेले… आठवायला आधी बघावं लागतं. वीस वर्षं मी त्या माणसाकडे पाठ करून बसले आणि वर म्हणत राहिले, की हे कायम आमच्यात असतात. खालच्या कागदावर नाही ते वर उमटत नाही. ट्रेसरचा पहिला धडा.

विचारण्यासारखं आता एकच माणूस उरलं होतं.

"ताई," तिने पेन्सिल खाली ठेवली. नाव घ्यायचं नाही, दचकेल. "मी चित्र काढत बसायचे ना, तेव्हा माझ्या मागे कुणी उभं असायचं का गं?"

"असायचं की," ताई म्हणाली, जणू हे काय विचारणं झालं.

"कसं उभं असायचं?"

ताईने भांडं बाजूला केलं. खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठली, पदराला चिकटलेलं टरफल झटकलं, आणि सावकाश चालत तिच्या खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली. तोंड दाराकडे, पाठ हिच्या पाठीकडे. दोन्ही पाय फाकवून, दोन्ही हात अंगापासून जरासे दूर, कोंबड्या बाहेर जाऊ नयेत म्हणून दारात उभं राहावं तशी. ती वळून बघत राहिली. बहात्तर वर्षांची, खांदे उतरलेली ताई एकदम उंच वाटू लागली होती.

"अस्सा," ताई म्हणाली. मग आवाज जाड करून, "जरा त्या बाजूने जा हो. नका वाकून बघू. इथे काम चाललंय." आणि पुन्हा आपल्या आवाजात, "हात भरून यायचे गं त्याचे. तुझं काही आटपायचं नाही."

रविवारच्या वर्गातल्या सगळ्याजणी रडायच्या – बाहेर बसलं की लोक गराडा घालतात, पोरं रंगात बोटं घालतात, म्हातारे सल्ले देतात. ती नाक वर करून सांगायची, मला नाही बाई कुणी त्रास देत. बसण्यातच जरब लागते. जरब! गर्दीच्या धक्क्यावर, बाजाराच्या तोंडाशी, भर सुट्टीच्या दिवसांत तिच्याभोवती कायम एक रिकामं वर्तुळ असायचं, आणि ते आपल्या एकाग्रतेचं तेज आहे असं ती इतकी वर्षं समजत आली होती.

पण हे खरं तरी होतं का? मागच्या आठवड्यात ताईने पोस्टमनला मामा म्हणून बसवून घेतलं होतं, शेजारणीला तिच्याच लग्नाची गोष्ट सांगितली होती. हेही तसंच कुठून तरी येऊन चिकटलेलं असेल, एखाद्या बागेतला रखवालदार, स्टेशनावरचा हमाल. पडताळून बघायला कुणी उरलेलं नव्हतं. चित्रात तर नव्हतंच. तिला ते खरं असायला हवं होतं आणि तितकंच खोटंही असायला हवं होतं.

ताई अजून तशीच उभी होती. हात आता खाली आले होते. चेहऱ्यावर, एखाद्या खोलीत शिरल्यावर कशासाठी आलो ते विसरावं, तसं काहीतरी.

"कोण गं तो?" तिने विचारलं.

कोण होतं… "तुझा नवरा," ती म्हणाली. "भावोजी माझे."

"अगंबाई!" ताईला हसू आलं, तोंडावर हात ठेवून ती हसली. "माझं लग्न झालं होतं? बघ बाई, आणि मला पत्ताच नाही." मग ती समोरच्या खुर्चीत बसली, अगदी जवळ, पुढे वाकून, लहानपणी गुपित सांगायला वाकायची तशी, आणि हळूच म्हणाली, "बरा होता का गं?"

हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. विचारला असता तर उत्तर तयार होतं, घोटून घोटून गुळगुळीत केलेलं, फक्त बाहेर टाकायचं बाकी. आताही जिभेवर आलंच होतं. आणि ताई डोळे मोठे करून बघत होती, विश्वासाने, दुसरीकडून काही कळण्याची सोयच नसलेल्या माणसासारखी. आता ही जे सांगेल तेवढंच ताईचं लग्न असणार होतं. जास्त नाही, वेगळं नाही. बरा म्हटलं तर बरा, वाईट म्हटलं तर वाईट, आणि संध्याकाळी भाची येईल तेव्हा तिचे वडीलही तेवढेच असणार होते.

"थांब," ती म्हणाली. "आठवू दे मला."

आणि पहिल्यांदाच ती आठवू लागली.