पिडकॉक पाद्र्याचं भुयार

मार्लसीच्या सेंट ब्लेझ चर्चमध्ये ग्वेंडा टॅप्सेल बाई गेली एकतीस वर्षं पाहुण्यांना चर्च दाखवत होत्या, आणि त्यातली तीस वर्षं धडधडीत खोटं सांगत होत्या. पहिल्या वर्षी त्यांनी खरं सांगून पाहिलं. कमानी कुठल्या शतकातल्या, छपराचं शिसं कधी चोरीला गेलं, वगैरे. लोक जांभया द्यायचे आणि आइस्क्रीम खायला बंदरावर पळायचे. मग एका शनिवारी एक जाडा गृहस्थ उभ्या उभ्या पेंगायला लागला, तेव्हा बाईंच्या तोंडून निघून गेलं, "आणि इथे, तुमच्या पायाखालून, पाद्रीबंगल्याच्या तळघरापर्यंत चोरट्या दारूचं भुयार जातं!"

गृहस्थ खडबडून जागा झाला. तेव्हापासून भुयार कायम झालं.

पाद्रीबंगला म्हणजे चर्चशेजारचं रेक्टरचं, म्हणजे मुख्य पाद्र्याचं, जुनं, ऐसपैस घर. ते चर्चने केव्हाच विकलं. आताच्या रेक्टर हिलरीबाई सुपरमार्केटच्या मागे छोट्या घरात राहायच्या आणि तिथे न्हाणीघरात गरम पाणी येतं म्हणून देवाचे मनापासून आभार मानायच्या. बंगला घेतला होता कॉलिन फ्रोबिशर नावाच्या निवृत्त दाताच्या डॉक्टरने.

एका शुक्रवारी सकाळी त्याचा फोन आला. "टॅप्सेलबाई, सापडलं! तळघराची भिंत ठोकली की पोकळ वाजतेय. अकरा वाजता फोडतो. तुम्ही हव्यातच!"

बाईंनी फोन खाली ठेवला. त्या तडक हिलरीबाईंकडे गेल्या.

"भुयार नाहीये," त्या दारातच म्हणाल्या.

"माहितीय मला."

"तुम्हाला माहितीय?"

"अहो, चर्च अख्ख्या खडकावर उभंय. चमच्याने खणलं असेल का कुणी?"

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते!"

"तुमच्या फेरीला चाळीस माणसं येतात, माझ्या प्रवचनाला सात. त्यातले दोन झोपतात. मी कुठल्या तोंडाने बोलू?" हिलरीबाईंनी कोट चढवला. "चला, मीही येते. भिंत फुटताना बघायला मला फार आवडतं."

तळघरात फ्रोबिशर घण घेऊन तयारच होता. डोळ्यांवर दवाखान्यातला जुना चष्मा, केसांत चुना.

"डॉक्टर, जरा थांबा. मला एक सांगायचंय," बाई म्हणाल्या.

"नंतर सांगा!" म्हणत त्याने घण घातला.

चौथ्या घावाला विटा ढासळल्या. फ्रोबिशरने बॅटरी घेऊन आत डोकं घातलं. पलीकडे जेमतेम माणूस मावेल असा गोल खड्डा होता.

"हे कसलं भुयार?" आतून आवाज आला.

हिलरीबाईंनी वाकून पाहिलं. "संडास आहे हो. जुना संडास."

आणि तो खड्डा रिकाम्या बाटल्यांनी भरलेला होता. हिरव्या, पोट सुटलेल्या, ब्रँडीच्या. प्रत्येकीच्या खांद्यावर काचेतच उठवलेली मोहर: जे. पिडकॉक.

टॅप्सेलबाई पालथ्या बादलीवर मटकन बसल्या. जोसाया पिडकॉक म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचे रेक्टर. चर्चच्या उत्तरेच्या भिंतीवर त्यांची संगमरवरी पाटी होती, वर रडणारा देवदूत, आणि खाली कोरलेलं: 'आयुष्यभर झऱ्याच्या पाण्याखेरीज यांनी ओठांना काही लावलं नाही.' फेरीतलं हे एकच वाक्य बाई छातीवर हात ठेवून, खरं म्हणून सांगायच्या. भुयाराची थाप मारून झाली की दर शनिवारी त्या पाटीसमोर मनातल्या मनात माफीही मागायच्या.

"मेल्या, तुझी माफी मागत होते मी!" त्या बाटलीला म्हणाल्या. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसताच त्यांनी फ्रोबिशरला सगळं सांगून टाकलं.

तो हसला नाही. "तीन वेळा ऐकलीय मी ती गोष्ट. दर वेळी अंगावर काटा यायचा. बाई, मी हा बंगला भुयारासाठी घेतला."

आता बाईंचंही हसू मावळलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. त्याने विटा गोळा करायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी फेरीत बाई पाटीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथे भुयार नाही. ते मी रचलं. आणि हे गृहस्थ पाण्यावर जगले, तेही खोटं. ते यांच्या नातलगांनी रचलं." मग त्यांनी संडासापासून बाटल्यांपर्यंत सगळं सांगितलं. एकही माणूस आइस्क्रीमला गेला नाही.

"पण भुयार नव्हतं, तर एवढी दारू घरात आली कुठून?" एका बाईने विचारलं.



"पुढच्या दाराने!" मागून आवाज आला. खांबाला टेकून फ्रोबिशर उभा होता. केसांत अजून चुना. "दिवसाढवळ्या, पाद्रीबुवांच्या पुढच्या दाराने. दार अजून तेच आहे. या, दाखवतो."

सगळा घोळका त्याच्यामागे निघाला. चर्चच्या दाराशी तो थबकला आणि वळून म्हणाला, "चला ना टॅप्सेलबाई, मला पुढचं काय सांगायचं ते येत नाही."