चौकटीचा मान

क्रेननं अख्खी भिंत उचलली तेव्हा नागोरावांनी हत्यारांची पिशवी खांद्यावरून उतरवली. भिंत लाकडाची होती, दाराखिडक्यांसकट. कोपऱ्यात आकडा छापलेला होता, सतरा.

पंधरा वर्षं कळंबात लोखंडी चौकटी आणि प्लास्टिकची दारं बसत होती, आणि नागोराव सुतार खाटेचे पाय नि वखराचे दांडे दुरुस्त करून दिवस ढकलत होते. मग घनश्यामभाऊंनी रस्त्यालगतच्या वावरात लाकडाचं दुमजली लॉज बांधायला काढलं. आधी लोक हसले, मग त्याचा नकाशा बघायला जाऊ लागले, आणि आता आणखी दोघांनी तसंच घर बांधायचं ठरवलं होतं. लाकडाचे दिवस परत आले म्हटल्यावर नागोरावांना झोप कुठली! काल निरोप आला, ‘चौकट बसवायची आहे, सकाळीच या.’ म्हातारा नवरदेवासारखा दाढी करून, रंध्याला आणि पटाश्यांना धार लावून निघाला. निदान दोन महिन्यांचं तरी काम मिळेल, असा त्यांचा हिशेब होता.

भिंत जागेवर टेकली. घनश्यामभाऊंनी पाट मांडला.

“या नागोभाऊ, बसा.”

“थांबा, अगोदर माप घेऊन घेतो.”

“माप कायले? चौकट भिंतीतच बसून आली ना, फॅक्टरीतून. तुमाले मानासाठी बोलावलं. माय म्हणते, सुताराचा मान चुकवायचा नाही.”

मुख्य दाराची चौकट उभी राहिली की घरधनी सुताराला टिळा लावून दुपट्टा-नारळ देतो. त्याशिवाय त्या दारातून कुणी आत जात नाही. नागोरावांनी असे कितीतरी दुपट्टे ताठ मानेनं घेतले होते. आज बोटही न लावलेल्या चौकटीचा दुपट्टा अंगावर पडला, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पूजा आटोपली. नागपूरहून आलेल्या चौघा कामगारांची मुकादम, अपेक्षा नावाची मुलगी, स्क्रू मारायचं मशीन घेऊन भिंतीपाशी बसली होती. नागोराव तिच्यापाशी गेले.

“बाई, मले ठेवता का कामावर? लाकूड समजते मले.”

“बाबा, इथं कापायचं, तासायचं काहीच नसते. सगळं नंबरावर बसते.” मग तिलाच कसंसं झालं. तिनं मशीन त्यांच्या हातात दिलं. “हा एक स्क्रू तुम्ही मारा.”

घुर्र झालं आणि स्क्रू आत गेला. नागोरावांनी चौकटीवरून तळहात फिरवला, सांध्यात नख घालून पाहिलं. कुठं रेघभर फट नव्हती. खोड काढायलाही जागा नव्हती, तेच त्यांना फार लागलं.

घरी पोचले तेव्हा इंदुताई दारातच उभ्या होत्या. नवऱ्याच्या खांद्यावरचा दुपट्टा पाहून त्यांचा चेहरा फुलला.

“बसवली चौकट?”

“बसली.”

“मंग आता किती दिवसाचं काम हाय?”

नागोरावांनी नारळ त्यांच्या हातात दिला.

“झालं,” ते म्हणाले.