दवाखान्यासमोर स्मशानाची पाटी

सासू आणि सून एकाच टेबलावर, एकाच कॉम्प्युटरवर काम करत. बसथांब्यांवरच्या नावांच्या पाट्या छापणं हा त्यांचा घरचा धंदा. सासूबाईंनी पाट्यांसाठी कधीकाळी काही हुकूम लिहून ठेवले होते. काळी खिडकी उघडायची, ते हुकूम त्यात चिकटवायचे, की पाट्या धडाधड बाहेर पडत.

त्या खिडकीत आपलं म्हणणं मशीनला समजावून सांगणारा एक दुभाष्या बसलेला असतो. त्याला शेल म्हणतात. सासूबाईंचा शेल जुना होता. सुनेला नवा हवा होता, कारण तो अर्धा शब्द लिहिला की उरलेला स्वतःच पुरा करी. एका दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्याचं पाहून तिने सेटिंग्जच्या मेनूत जाऊन डिफॉल्ट शेल बदलला. खिडकी होती तशीच काळी. आईंना काय कळणार, असं म्हणून ती विसरूनही गेली.

पुढच्याच आठवड्यात बस कंपनीच्या साहेबांचा फोन खणखणला.

"अहो बाई, दवाखान्यासमोर 'स्मशान' अशी पाटी! पेशंट उतरायला तयार नाहीत!"

शाळेपुढे 'दवाखाना', बाजारात 'शाळा', आणि पहिल्या थांब्याची पाटी चक्क कोरी. पाट्या लावणारा मुलगा पाटीच्या पाठीवरचा थांब्याचा नंबर बघून लावी. कोरी पाटीसुद्धा त्याने इमानेइतबारे ठोकली होती.

सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. "संपलं. माझ्या डोक्याला गंज चढला. आता तूच बघ सगळं."

"असं काय बोलता आई? बघू तरी काय झालंय."

दोघींनी हुकूम ओळीनं ओळ वाचले. कुठेच चूक नव्हती. शेवटी सासूबाईंनी खिडकीलाच विचारलं, तू कोणता शेल आहेस? उत्तर आलं आणि त्या सुनेकडे वळल्या.

"हा पाहुणा कधी आला?"

सून चाचरली. "मी... मेनूतून बदलला. म्हटलं, तुमचं काही अडणार नाही."

"अगं, जुना शेल यादी शून्यापासून मोजतो, नवा एकापासून! नव्याच्या शून्यावर काहीच नाही, म्हणून पहिली पाटी कोरी आणि प्रत्येक नाव एकेक घर पुढे सरकलं."

सुनेने आता वीज कोसळणार म्हणून डोळे मिटले. कोसळली ती टाळी.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे! शाबास!"

नव्या पाट्या छापून झाल्या. पाट्या लावणारा मुलगा शिडी घेऊन पळाला, आधी दवाखान्याकडे. सुनेने मेनूत दोन खाती केली, प्रत्येकीचं वेगळं आणि प्रत्येकीला आपापला शेल.

"आणि तो अर्धा शब्द पुरा करतो म्हणालीस ना," सासूबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या, "जरा दाखव. वापरणार नाहीये, नुसतं बघते."

त्या दिवशी सुनेला कॉम्प्युटर काही मिळाला नाही.