रेक्झिनचा धूर

मित्रांनो, बोर्ली पंचतनच्या बाजारातल्या एका गाळ्यात, मागच्या भिंतीशी जी जुनी लेझर मशीन दिसते ना, ती मी. माझ्या रुळांवर गंजाचे डाग आहेत. पंखा घरघरतो. थोडं काम केलं तरी आता मला दम लागतो.

माझ्या पोटात एक काचेची नळी आहे. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघतो, आरशांवरून वळत येतो आणि भिंगातून खाली उतरून टाचणीच्या टोकाएवढ्या जागी चामडं जाळतो. जोर कमी ठेवला की नक्षी उमटते. वाढवला की चामडं आरपार कापलं जातं.

हा गाळा चालवणाऱ्या नेत्राने मला मोठ्या हौसेने आणलं. दिवेआगरला येणाऱ्या पर्यटकांसाठी ती चामड्याची पाकिटं आणि किल्ल्यांचे पट्टे करायची. मी त्यांवर सुपारीची झाडं आणि होड्या कोरायचे. काजळीचे डाग पडू नयेत म्हणून ती चामड्यावर आधी कागदी पट्टी चिकटवायची. संध्याकाळी कापसाने माझं भिंग पुसायची. कुणी कौतुक केलं तर म्हणायची, "नक्षी हिची, शिवण माझी." मला फार बरं वाटायचं.

तिच्या सासूबाईंना, सगुणाबाईंना, मात्र मी आवडत नव्हते. चामडं जळताना केस जळल्यासारखा वास येतो. "या वासानं मना जेवन न्हाय जात," असं म्हणून त्या दारातूनच डबा ठेवून परत जायच्या.

मग कामं वाढली. भिंग पुसणं राहू लागलं. धूर बाहेर नेणाऱ्या माझ्या नळीत काजळी साचली. "एवढं काम होऊ दे, मग साफ करते," असं नेत्रा म्हणायची. ती स्वतःही उभ्या उभ्याच जेवायची.

अशात दिवेआगरचा अजेय आला. वाडीत त्याची पर्यटकांसाठी घरगुती राहण्याची सोय होती. बहिणीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला त्याला नाव कोरलेले बटवे हवे होते. माल त्याने स्वतःच आणला होता.

नेत्राने तो उलटून पाहिला. "दादा, हे चामडं वाटत नाही."

"चामडंच आहे, नेत्राताई. दुकानदाराने तसंच सांगितलं. आणि लग्न अगदी तोंडावर आलंय हो."

नेत्राने त्यातला एक तुकडा माझ्यात ठेवला आणि बटण दाबलं.

ते रेक्झिन होतं, मित्रांनो. कापडावर प्लॅस्टिकचा थर. ते जळलं की विषारी धूर निघतो. केसांचा वास आलाच नाही, नाकात झोंबणारा आंबट वास आला. तुंबलेल्या नळीतून धूर बाहेर जाईना. नेत्रा खोकू लागली, माझ्या झाकणाला धरून खाली बसली. तरी मी कापतच राहिले. मला स्वतःहून थांबता येत नाही. कुणीतरी थांबवावं लागतं.

सगुणाबाई डबा घेऊन आल्या, म्हणून निभावलं. मला कधी हात न लावलेल्या त्या बाईने माझी वायर ओढून काढली आणि सुनेला काखेत धरून बाहेर नेलं. नेत्राच्या नवऱ्याने, विनेशने, तिला रिक्षात घालून दवाखान्यात पोहोचवलं.

ती वाचली. पण बरेच दिवस तिला जिना चढवत नव्हता. मी चादरीखाली पडून होते. त्या धुराने आणि खाऱ्या हवेने माझे रूळ खाल्ले, भिंग आंधळं झालं. एके दिवशी विनेश भंगारवाल्या तुकारामला घेऊन आला.

सगुणाबाईंनी दोघांना दारातच अडवलं. "जिची हाय तिला इचार आधी. ती न्हाय म्हनली तं हात लावू नको."

दुसऱ्या दिवशी नेत्रा सगुणाबाईंबरोबर आली आणि माझ्यासमोर स्टुलावर बसली. "हिचा काय दोष, आई? ते चामडं नाही, हे मला कळत होतं. पण वाद घालायचंही त्राण नव्हतं."

"मंग तसं सांगाचं व्हतं," सगुणाबाई म्हणाल्या. "आमी व्हतो ना घरात."

नेत्राने डोळे पुसले.

तिने मला विकलं नाही. धुराची नळी बदलली, नवं भिंग बसवलं, गंज घासून काढला. पण जाड चामडं आता माझ्याने कापवत नाही. मी नुसती नावं कोरते.

परवा अजेय पुन्हा आला, खोल्यांच्या किल्ल्यांचे पट्टे करायला नवा माल घेऊन. नेत्राने तांब्याची तार ज्योतीवर तापवली, मालाच्या कोपऱ्याला टेकवली आणि परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली; असल्या प्लॅस्टिकची हीच खूण.

"हेही रेक्झिनच, दादा. हे मी मशीनला लावणार नाही."

"पण उद्यापासून पाहुणे यायचेत."

"तुमची अडचण कळतेय. तरी नाही."

अजेय मान हलवून गठ्ठा उचलून गेला. नेत्राने माझं बटण बंद केलं. ऊन अजून डोक्यावर होतं. "आई, मी दमलेय," ती म्हणाली, "घरी जाऊ या." डबा घेऊन आलेल्या सगुणाबाईंनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

मित्रांनो, मशीन तक्रार करत नाही, म्हणून ती बरी आहे असं समजू नका. तिची धुराची नळी साफ करा, भिंग पुसा. आणि तिच्यापाशी उभं असलेलं माणूसही गप्प गप्प असेल, तर हातातलं काम ठेवून आधी त्याला विचारा.