बारा शब्द आणि तीन रंगांचा दोरा

माझी भाची चिमी सोळा वर्षांची आहे. तिला वाटतं, जगातली सगळी अक्कल फोनमध्ये आहे आणि उरलीसुरली तिच्यात. मी शिवणकाम आणि भरतकाम करणारी बाई, त्यामुळे माझ्या वाट्याला काही आलीच नाही, असा तिचा समज.

पोरगी चित्रं काढते. फोनवर लोक एकमेकांना रडकी-हसरी माणसं पाठवतात ना, तसली. परदेशातले लोक ती विकत घेतात! पण पैसे ठेवायला बँकेत खातं हवं, आणि तिच्या वयाला खात्यावर वडिलांची सही हवी. वडील म्हणजे माझा दादा. तो म्हणतो, चित्रं काढणं हे काय काम आहे? हिशेब शीक. आणि सही केलीच, तर एकेक पैसा त्याच्या नजरेखाली राहणार. मला चांगलं ठाऊक आहे, कारण माझी शिलाई कितीतरी वर्षं त्याच्याच खात्यात जायची. नवी कात्री घ्यायची तरी कारण सांगावं लागायचं. अजून आठवलं की डोकं तापतं.

म्हणून चिमीने क्रिप्टो धरलं, म्हणजे फोनमधली नाणी.

"आत्या, याला बँक नको, सही नको. फक्त फोन."

"आणि फोन मेला तर?"

"तर हे बारा शब्द. याच क्रमाने नव्या फोनमध्ये टाकले की पैसे परत. कागद तुझ्याकडे ठेव, घरी बाबांच्या हाती लागेल."

शब्द कसले, तर कांदा, पूल, काका! मी हसून हसून बेजार. पण माझ्या दुकानात कागद टिकतो थोडाच? चिंध्यांबरोबर केरात जायचा. मी आपले ते शब्द माझ्या जुन्या कोटाच्या अस्तरावर आतून साखळी टाक्याने भरले आणि कागद फाडून टाकला. चिमीला सांगितलं तर ती खूश. बघितलं मात्र नाही तिने.

मग एका मंगळवारी तिचा फोन बादलीत पडला तो कायमचा. वेळही कसली! चित्रं हलती करायला शिकवणाऱ्या एका ऑनलाइन शाळेत तिला प्रवेश मिळाला होता. फी त्याच नाण्यांत घेणार होते, पण शुक्रवारपर्यंत. नाहीतर दादापुढे हात पसरायचा आणि मुकाट्याने हिशेबाच्या वर्गात जाऊन बसायचं.

मैत्रिणीचा जुना फोन आणून तिने कोटावरचे शब्द टाकले. चूक. पुन्हा टाकले. पुन्हा चूक.

"आत्या, कागदावरच्याच क्रमाने भरलेस ना?"

"छे गं. सगळं एका रंगात कसं भुंडं दिसलं असतं! कागदावर मीच खुणा केल्या, हा लाल, हा निळा, हा हिरवा, मनाला येईल तसं. मग आधी लाल चार भरले, मग निळे चार, मग हिरवे चार. सुईत दोरा ओवला की त्या रंगाचं सगळं उरकायचं, तेव्हाच दुसरा ओवायचा. कुणीही सांगेल."

चिमी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीची वर्षाची मेहनत मी छान रंगसंगतीत शिवून टाकली होती.

बुधवारी सकाळी ती कोट मांडीवर घेऊन बसली होती, एकदम ताठ झाली.

"आत्या, निदान एका रंगातले शब्द तरी वरून खाली ओळीने घेतलेस ना?"

"मग काय उलटे घेणार? मी काय वेडी आहे?"

"मग चौतीस हजार सहाशे पन्नासच जुळण्या होतात!"

"च?"

पण ती मैत्रिणीच्या कॉम्प्युटरकडे पळालीसुद्धा. तिथे तिने त्या सगळ्या जुळण्या एकेक करून लावून बघणारा प्रोग्रॅम लिहिला, चुकवला, परत लिहिला. गुरुवारी दुपारी कॉम्प्युटर उचलून माझ्याकडेच घेऊन आली. मी एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची घेत होते, तेवढ्यात तिने अशी किंकाळी फोडली की गिऱ्हाईक स्टुलावरून खाली उतरलं. संध्याकाळच्या आत फी भरली.

शनिवारी दादा दुकानात आला. "फी कुणी भरली? तू?"

"चिमीने. चित्रांच्या पैशातून."

"मला सांगायचं तरी. मी काय परका आहे?" खरंच दुखावला होता. मला भांडायचं होतं, पण त्याचं तोंड बघून भांडवेना.

"एवढं काढते तरी काय ती?" तो म्हणाला. आजवर त्याने हे विचारलंच नव्हतं.

सगळ्यांत जास्त खपणारं चित्र मी माझ्या फोनवर काढून दाखवलं. टक्कल पडलेला मिशाळ माणूस, कानावर पेन्सिल, कमरेवर हात, रागाने पाय आपटतोय.

दादाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हा मी आहे?"

"तूच. भांडण झालं की जगभरातले लोक एकमेकांना तुला पाठवतात. म्हणजे फी तूच भरलीस म्हण ना."

त्याने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मग म्हणाला, "मिशी एवढी जाड नाहीये माझी." आणि ते चित्र स्वतःच्या फोनवर पाठवायला सांगितलं.