कांग्यावरची ओळ

...आणि त्या दुसऱ्या कपाच्या कानाशी उडालेला तो टवका – नखाएवढा, आतून काळसर – त्यात आज मुंगी बसली होती, आणि साऊमूला वाटलं, हीच ओळ, मुंगीनं कपाला विचारलं की... नाही. मुंगी कपाला काय विचारणार. पाच-सहा शब्दांपलीकडे कांग्याच्या, त्या छापील कापडाच्या, काठावर मावत नाही. बाईनं तो कंबरेला गुंडाळला आणि बाजाराकडे निघाली, की मागून चालणारीला ओळ एका दमात वाचता आली पाहिजे आणि घरी जाईपर्यंत ठणकली पाहिजे.

आयुष्य गेलं होतं तिचं कांग्यांसाठी ओळी रचण्यात. ओळी घरातच सापडायच्या – खवणीवर बसल्या बसल्या, करपलेल्या भाताच्या वासात, गल्लीतल्या भांडणात. मोंबासाच्या जुन्या वस्तीतल्या निम्म्या सुना आणि सवती तिच्या ओळी नेसून भांडल्या होत्या. तोंडानं बोलायचं नाही, नेसायचं. लेकी बोले सुने लागे, फक्त कापडावर.

आणि मग हा कप. नवरा, रशीद, वारला तरी हात सवयीनं दोन कप मांडायचे, आल्याचा चहा एकातच पडायचा... एका सकाळी ओळ आपसूक आली – ‘दोन कप मांडते, उष्टा एकच.’ कुणालाही न टोचणारी तिची पहिली ओळ. स्वतःची. कापडवाल्या सैफनं छापली, कांग्यांच्या जोड्या विकल्या गेल्या, आणि समोरच्या दारातली कीजा बोलायची थांबली.

कीजाच्या नवऱ्यानं मालिंदीला दुसरा संसार थाटला होता. साऊमूला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच? पण लिहिताना आठवलं नाही – खरंच नाही? – मी माझ्याच कपाकडे बघत होते गं, कीजा... पण कांग्यावरची ओळ कुणाला तरी मारलेलीच असते, हे साऊमूनंच गल्लीला शिकवलेलं. दार लोटता लोटता कीजा एवढंच म्हणाली होती, “माझ्या घरातले कपसुद्धा तूच विसळत होतीस वाटतं?” त्यानंतर तिच्याकडची गरम मांदाझीची, तळलेल्या गोड पावांची, ताटली ओट्यावर आली नाही. ताटलीचं एक असो, पण ती घेऊन येणारी तासभर बसायची, आणि गल्लीत साऊमूशी बसून बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

दुपारी सैफ दारातूनच म्हणाला, “काय साऊमूबाई, झाली का ओळ? मागची हातोहात गेली. तशीच झोंबणारी काढ.”

“ती झोंबणारी नव्हती, सैफ.”

“मग बायका काय उगाच घेतात?” तो हसला. “येतो परत. चहा ठेव.”

‘तुला नव्हतं ते, मलाच होतं’... ही द्यावी? छापून येईस्तोवर पावसाळा उजाडेल, आणि आली तरी कीजाला ती नवी कुरापतच वाटणार. त्यापेक्षा उठावं, गल्ली ओलांडावी, तोंडानं सांगावं – पण काठात न मावणारं बोलणं साऊमूला कधी जमलंच नव्हतं. फार एकटं वाटलं तिला. रशीद गेला तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा कीजा होती.

समोर कीजा कपडे वाळत घालायला आली. इकडे न बघता तिनं एक कांगा झटकून दोरीवर उलटा टाकला आणि आत गेली. उन्हात अक्षरं आरपार, उलटी दिसत होती. साऊमू ती मदरशातल्यासारखी उजवीकडून डावीकडे लावत गेली. दोन... कप... मांडते...

कांगा नवा नव्हता. धुऊन धुऊन विटलेला, बसायच्या जागी विरलेला. बाहेर हा कीजाच्या अंगावर कुणी पाहिला नव्हता; म्हणजे घरातच नेसत होती, जिथे वाचायला कुणी नाही.

साऊमूनं ओळीत टोमणा शोधला. सवयीनं, पुन्हा एकदा. सापडला नाही. कुणीतरी दाराआडून हळूच सांगितल्यासारखी ओळ तेवढी ऐकू आली, आणि ती आपली आहे असं तिला काही केल्या वाटेना... की ही कीजाचीच होती, आणि माझ्या स्वयंपाकघरात सापडली एवढंच?

गल्लीच्या टोकाला सैफची हाक आली. द्यायला ओळ नव्हती, आणि आज त्याचं तिला काहीच वाटलं नाही. ती दोरीकडे बघत राहिली.